लालला एक गाठ, हिरव्याला दोन

रंगाऱ्याला वडिलांकडच्या सात पिढ्या तोंडपाठ होत्या. शिडीवर उभ्या उभ्या, भिंतीवर ब्रश फिरवत तो त्या घडाघडा म्हणून दाखवायचा. कोण गवंडी होता, कोण नावाडी होता, कुणाला दोन बायका होत्या आणि त्या दोघी मिळून नवऱ्यालाच कशा घराबाहेर काढायच्या, सगळं क्रमवार. ऐकणारा बिचारा खाली शिडी धरून उभा असायचा, त्यामुळे त्याला पळूनही जाता यायचं नाही. पण कुणी मधेच विचारलं, "आणि आईकडचं?" की गाडी आजीपाशी येऊन रुतायची. आजी होती, तिचे गुडघे दुखायचे, आणि ती आईची आई होती. एवढंच भांडवल.

"आईकडचं काय सांगायचं," तो म्हणायचा. "बायका या घरातून त्या घरात जातात. माग कसा लावणार?"

असा हा रंगारी. वय एकसष्ट, अंगानं हाडकुळा, भुवयांवर कायम पांढरे शिंतोडे. त्यामुळे केस पिकले कधी ते कुणाला कळलंच नाही. कामाला एकदम चोख. भिंतीला ओघळ नाही, खिडकीच्या काचेला डाग नाही, आणि सांगितली ती छटा तंतोतंत. लोक म्हणायचे, याचे डोळे नव्हेत, जोखायचा काटा आहे.

आता खरी गोष्ट अशी होती, की या माणसाला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नसत. तपकिरीसुद्धा गुपचूप त्यांच्याच कळपात जाऊन बसायचा. लोकांना जिथे तीन रंग दिसत, तिथे याला एकच मळकट गोतावळा दिसायचा.

हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, ते म्हणजे रंगारणीला, त्याच्या बायकोला. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तिनं त्याला अंगणात गाठलं, समोर दोन डबे ठेवले आणि विचारलं, "अहो, यातला हिरवा कोणता?" रंगाऱ्यानं मोठ्या आत्मविश्वासानं लाल उचलला. ती हसली नाही, ओरडली नाही. आत गेली, सुती दोरा घेऊन आली आणि डब्याच्या कडीला गाठी मारायला बसली. लालला एक गाठ, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. तेव्हापासून छत्तीस वर्षं रंग ती मिसळायची आणि भिंतीला तो लावायचा. शिडीवरून हात खाली घालून, डब्याकडे न बघता तो बोटांनीच गाठी चाचपायचा. बघणारे म्हणायचे, "बघा, न बघता उचलतो. याला म्हणतात सवय."

रंगारी मिशीतल्या मिशीत हसायचा. एवढ्या शहराला आपण बोटावर नाचवतोय याची त्याला मनातून भारी गंमत वाटायची.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग भाच्याची परीक्षा आली.

भाचा म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा. तेवीस वर्षांचा धिप्पाड गडी, पण घरात सगळे त्याला 'इंजिन' म्हणायचे, कारण बोलायला लागल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं: मी आगगाडीचा ड्रायव्हर होणार. लेखी परीक्षेत तो वरच्या दहांत आला. बहिणीनं शेजारीपाजारी पेढे नाहीत तरी बातमी वाटून टाकली. शेवटी उरली डोळ्यांची तपासणी. डॉक्टरनं ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं आणि विचारलं, "आकडा दिसतोय?"

"कुठला आकडा?" इंजिन म्हणाला.

तिथेच सगळं आटोपलं. सिग्नल लाल की हिरवा हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात गाडी कोण देईल? लहानपणी याच्या रंगीत पेन्सिलींवर नावं छापलेली असायची, ती वाचून हा झाडं हिरवी रंगवायचा. म्हणून कुणाला कधी संशयच आला नाही.

मंगळवारी रेल्वेची चिठ्ठी आली. ड्रायव्हर म्हणून घेता येत नाही, पण इंजिनं दुरुस्त करायच्या शेडमध्ये फिटरची जागा आहे, हवी असेल तर शनिवारपर्यंत येऊन कळवा. इंजिननं ती चिठ्ठी वाचली, पलंगाखाली भिरकावली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

रंगारी संध्याकाळी बहिणीकडे गेला तेव्हा घरात सुतकी कळा होती. बहीण स्वयंपाकघरात एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होती.

"दादा, तो जेवत नाही. म्हणतो, मी सदोष माल आहे. शेडची जागा दयेपोटी देतायत म्हणतो. भीक नको म्हणतो."

"दोन दिवसांत शांत होईल."

"डॉक्टरनं काय सांगितलं माहितीये? हे आईकडून येतं. बाईला स्वतःला काही होत नाही, ती नुसतं पुढे पोचवते. म्हणजे मीच ना." तिनं पातेलं आपटलं. "आणि सासूबाई काल जेवताना म्हणाल्या, आमच्या घराण्यात सगळ्यांचे डोळे गरुडासारखे. एवढंच म्हणाल्या आणि भाजी वाढली."

रंगारी मोरीच्या नळाकडे बघत राहिला.

"डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाला विचारा, मामाला विचारा, कुणाला तरी असणार." बहिणीनं डोळे पुसले आणि त्या तसल्या अवस्थेतही तिला हसू आलं. "भावाला कुठलं विचारू. माझा भाऊ तर रंगारी."

आता एका वाक्याचं काम होतं. वाक्य रंगाऱ्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलंही. पण छत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट अशी चटकन ओठावर येत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे रंगवलेली सगळी घरं एका रांगेत उभी राहिली आणि प्रत्येक घरातून एकेक माणूस बाहेर येऊन आपली भिंत संशयानं निरखू लागला.

"मी आईकडचा शोध घेतो," तो म्हणाला. "कुणीतरी सापडेलच."

म्हणजे बघा, स्वतः साक्षीदार समोर बसलेला असताना हा दुसरा साक्षीदार हुडकायला निघाला. त्यातही मेलेला मिळाला तर बरा, असा त्याचा हिशेब. मेलेल्या माणसाची गिऱ्हाइकं तुटत नाहीत.

आईला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. रंगाऱ्याच्या लग्नानंतर वर्षभरातच ती गेली, तेव्हा धाकटी जेमतेम तेरा वर्षांची होती. आईकडचं जिवंत माणूस एकच उरलं होतं, तिचा पाठचा भाऊ. हा मामा जन्मभर शिंपी होता, आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी दिव्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत आपल्या शिलाई मशीनसोबत राहत होता. बुधवारी सकाळी रंगारी तो लाकडी जिना चढला.

मामा खिडकीत बसून गळ्यात टेप घालून चहा पीत होता. शिवायचं सोडून दहा वर्षं झाली तरी टेप सुटली नव्हती.

"कोण? ताईचा थोरला ना? भिंती खराब करणारा?"

"भिंती रंगवणारा."

"तेच ते. बस. खुर्चीवरचं मांजर उठव आणि बस."

रंगारी बसला. हवापाणी झालं, मांजराची तब्येत झाली, खालच्या दुकानदाराच्या उद्धटपणाची उजळणी झाली. मग त्यानं घसा खाकरला. "मामा, आपल्या घराण्यात, म्हणजे आईच्या बाजूला, कुणाच्या डोळ्यांत, म्हणजे आंधळं वगैरे नव्हे, पण एखाद्या वेळी रंगाच्या बाबतीत..."

"तुझी प्रस्तावना संपेपर्यंत मी जगायचो नाही," मामा म्हणाला. "मला लाल-हिरवं कळत नाही. हेच विचारायचंय ना?"

रंगारी खुर्चीत पुढे सरकला. "तुम्ही तर शिंपी होतात."

"होतो की. आणि चांगला होतो. तुझी आई लग्न होऊन जाईपर्यंत दोरे तीच लावून द्यायची. ती गेली आणि पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. तोही कुणाच्या कपड्यात, तर तुझ्या बापाच्या. नवा जावई म्हणून तपकिरी कोट शिवला, आणि त्याला खिसा लावला हिरवागार. पोपटासारखा. पण तुझा बाप भला माणूस. एक अक्षर बोलला नाही. मरेपर्यंत तो कोट घातला त्यानं. तू तर रोज बघत असशील."

तो कोट रंगाऱ्याला चांगला आठवत होता. त्याच खिशात हात घालून वडील त्याला गोळ्या काढून द्यायचे. त्यानं डोळ्यांपुढे कोट आणला, खिसा आणला, आणि बेसावधपणे बोलून गेला:

"हिरवा कुठला मामा? खिसा कोटाच्याच रंगाचा होता."

मामानं चहाचा कप खाली ठेवला. मग त्याचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग टेप, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. मांजर उठून बाहेर गेलं.

"म्हणजे रंगारी," तो धापा टाकत म्हणाला, "शहरातला नावाजलेला रंगारी. आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की मीच मोठा चोर."

रंगाऱ्याला आधी कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. मग त्यालाही हसू फुटलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या बाजूचं भेटलं होतं.

हसण्याचा भर ओसरल्यावर मामानं मशीनचा खालचा खण ओढला. आत दोऱ्यांची जुनी रिळं होती. "हात घाल. बघू नकोस, नुसती बोटं फिरव."

रंगाऱ्यानं हात घातला. प्रत्येक रिळाच्या लोंबत्या टोकाला गाठी होत्या. एक. दोन. पुन्हा एक. तीन. बोटं जागच्या जागी थबकली. ही गाठ त्याच्या ओळखीची होती. दोरा दोनदा फिरवून, टोक आतून काढून घट्ट ओढलेली, वाटाण्यासारखी टणक. रोज शिडीवर तो हीच चाचपत होता.

"लालला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन," तो पुटपुटला.

"तुझ्या आईनं मारलेल्या आहेत. लग्नाआधी पेटीभर रिळं बांधून ठेवली, कापडाला मात्र गाठ कुठली, म्हणून तो खिसा. नंतर माझ्या बायकोलाही तिनंच शिकवलं."

"आणि आईला कुणी?"

"तिच्या आईनं. आमचा मामा माळी होता. पानांत टोमॅटो लाल झाला की नाही ते त्याला दिसायचं नाही. एकेक दाबून बघायचा आणि निम्मे फोडायचा. मालक संतापायचा. मग आमची आई, म्हणजे तुझी आजी, रोज पहाटे बागेत जाऊन पिकलेल्या फळाच्या देठाला एक गाठ मारून यायची. त्यातच गुडघे गेले तिचे." मामानं खिडकीबाहेर पाहिलं. "आणि तुझ्या आजीची आई दोर वळायची. दोरवाली म्हणायचे तिला सगळे. ही गाठ मूळची तिची. तिच्याही भावासाठीच असणार, दुसऱ्या कुणासाठी एवढी यातायात कोण करतो?"

माग लागत नाही म्हणत होता ना रंगारी? चांगला तीन पिढ्या मागे दोर गेला होता, आणि त्याला जागोजाग गाठी होत्या.

तो घरी आला तेव्हा रंगारीण मागच्या अंगणात ब्रश धूत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अगं, गाठी मारायची युक्ती तुझी ना?"

तिचा हात थांबला. "मामांकडे गेला होतात वाटतं."

"तुझी ना?"

"नाही. सासूबाईंची." तिनं ब्रश झटकला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन गाठ शिकवली. म्हणाल्या, याला लाल-हिरवं दिसत नाही. लहान होता तेव्हापासून माहीत आहे. आता तू बघ."

रंगाऱ्याला एकदम आठवलं. उमेदवारी करत होता तेव्हा आई रोज सकाळी त्याच्या डब्यांच्या झाकणांवर खडूनं रंगाची नावं लिहायची. तुझ्या उस्तादाला व्यवस्थितपणा आवडतो, म्हणायची. त्याला वाटायचं, आईला अक्षर गिरवायची हौस आहे.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी बजावलं होतं. म्हणाल्या, त्याला वाटतं त्यानं सगळ्या जगाला बनवलंय. तेवढी मजा त्याची राहू दे."

रॉकेलच्या भांड्यात रंगाचा तवंग फिरत होता. कोणता रंग ते दोघांपैकी एकीलाच दिसत होतं.

"आणखी एक सांगितलं होतं," रंगारीण हळू आवाजात म्हणाली. "धाकटीला मुलगा झाला, तर तिलाही ही गाठ शिकव. तेवीस वर्षं माझ्या मनात आहे. पण तिला सांगायचं म्हणजे तुमचं सांगावं लागलं असतं."

हे मात्र रंगाऱ्याला लागलं. दोरवालीपासून आजीपर्यंत, आजीपासून आईपर्यंत, एका बाईनं दुसरीच्या हातात दिलेली गोष्ट शेवटी येऊन अडली होती कुठे, तर याच्या मिशीतल्या हसण्यापाशी.

शुक्रवारी दुपारी नवरा-बायको दोघं बहिणीकडे गेले. बहीण दारातच म्हणाली, "सापडलं कुणी?"

"सापडलं," रंगारी म्हणाला आणि थेट इंजिनच्या खोलीपुढे जाऊन उभा राहिला. गरुडाच्या डोळ्यांची सासू कोपऱ्यात मटार सोलत होती, तिनं मान वर केली. रंगाऱ्यानं दार ठोठावलं.

"इंजिन, मामा आलोय."

"मला बोलायचं नाही."

"बोलू नकोस. एकच सांग. तुझं हे दार मी रंगवलंय, सहा वर्षांपूर्वी. कोणत्या रंगाचं आहे?"

आत पलंग करकरला. मग चिडका आवाज: "तपकिरी. का?"

"मलाही तपकिरीच दिसतंय," रंगारी म्हणाला. "आता मामीला विचार."

रंगारणीनं दाराकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "हे तर हिरवं आहे. अहो, हे कधी केलंत?"

"तू तापानं पडली होतीस तेव्हा. डब्यांना गाठी मारायला कुणी नव्हतं."

"हिरवंच आहे ते," बहीण म्हणाली. "मी तपकिरी सांगितला होता. पण मला वाटलं, दादा एवढा मोठा रंगारी, त्याच्या मनात काहीतरी असेल. म्हणून..." आणि मधेच ती थांबली. तिनं भावाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा भावाकडे पाहिलं. मग मट्‌कन खाली बसली. "दादा. तुलाही?"

"मलाही. मामाला. आजीच्या भावाला. आणि दोरवालीच्या भावालाही असणार." एवढं तोंडातून गेलं आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की शिडीवरून उतरताना शेवटची पायरी आधीच संपावी तसं. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही गं. हे आपल्याकडे वंशपरंपरागत आहे, आणि त्याच्यावरचा उपायही."

बहिणीनं हातातलं फडकं गोळा करून त्याला फेकून मारलं. "मंगळवारी माझ्यासमोर बसून नळ बघत होतास."

"मार. आणखी मार."

सासूचं मटार सोलणं बंद पडलं होतं. "म्हणजे आमच्या बैठकीच्या भिंती?" तिनं विचारलं.

"त्या बरोबर आहेत, काकू. आमच्या हिनं तपासल्यात."

"हे दार इतकी वर्षं हिरवं आहे," बहीण तिच्याकडे वळून सावकाश म्हणाली, "आणि मी तपकिरी करायला सांगितलंय हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीही काही बोलला नाहीत."

सासूनं शेंगांच्या टोपल्यात तोंड घातलं. "माझं चष्म्याचं बघायला हवं," ती म्हणाली. त्या घरात गरुडांचं नाव पुन्हा निघालं नाही.

कडी वाजली. इंजिन दारात उभा होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यानं बाहेर येऊन दार निरखून पाहिलं, मग मामाला निरखून पाहिलं, जणू दोघांतलं खोटं कोण ते ठरवत होता.

"मामा, रंग दिसत नाहीत आणि तुम्ही रंगारी झालात?"

"तुला आगगाडी चालवायची होती, मला भिंती रंगवायच्या होत्या. आवड काय डोळ्यांना विचारून लागते?"

"पण जमलं कसं?"

रंगारणीनं पदराच्या टोकाला बांधलेला सुती दोरा काढला. तिथेच जमिनीवर बसून तिनं तीन दोऱ्यांना गाठी मारल्या आणि इंजिनला डोळे मिटायला सांगितलं. तो चाचपडला. एक. तीन. दोन. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आलं. बहीण सरकत सरकत जवळ आली. "वहिनी, परत दाखव. टोक आतून काढलंस ते कसं?"

"हे तुला कधीच शिकवायचं होतं," रंगारीण म्हणाली, आणि नणंदेचा हात हातात घेऊन तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

इंजिन दोरा बोटात फिरवत होता. "शेडमधल्या वायरींना चालेल हे?"

"न चालायला काय झालं? आणि काय रे," रंगारी म्हणाला, "इंजिनाच्या पोटात सगळं कोणत्या रंगाचं असतं?"

"काळं."

"मग दया कोण कुणावर करतंय? तिथे गरुड आणि तू सारखेच."

इंजिनच्या ओठाची एक कड हलली. तो गुडघ्यांवर वाकला आणि पलंगाखालून चिठ्ठी शोधू लागला. चिठ्ठी निघाली, तिच्याबरोबर दोन दिवसांची उष्टी बशीही निघाली, आणि त्यावरून आईनं त्याला एक धपाटा घातला. मग तो जेवला. किती जेवला ते सांगण्यात अर्थ नाही, सोललेले मटार संपले एवढंच.

शनिवारी शेड उघडायच्या आधी तो फाटकावर हजर होता. खिशात चिठ्ठी आणि दोऱ्याचं रीळ. साहेबाला त्यानं पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. जे सांगायला मामाला छत्तीस वर्षं लागली ते यानं एका मिनिटात उरकलं. आता त्याच्या जोडीदारानं तपासून गाठी मारलेल्या वायरी साऱ्या शेडला ओळखू येतात. वीज गेली की अंधारात बाकीचे कारागीर हात बांधून उभे राहतात आणि हा एकटा काम करत असतो.

रंगाऱ्याची गिऱ्हाइकं तुटली नाहीत. पहिले काही दिवस लोकांनी आपापल्या भिंती नीट पाहिल्या, त्या बरोबरच निघाल्या, आणि विषय मिटला. शिडी धरणाऱ्यांचे हाल मात्र वाढले. पूर्वी सात पिढ्यांवर भागायचं. आता तो वडिलांकडचं संपवून दम घेतो, हात खाली घालून डब्याची गाठ चाचपतो आणि म्हणतो, "आता आईकडचं. पहिली दोरवाली. तिची लेक, बागेत पहाटे जाणारी. तिची लेक, आमची आई, झाकणांवर खडूनं लिहायची. आणि तिची लेक, आमची धाकटी, तीही आता शिकलीय."

"आणि हा रंग बरोबर लागलाय ना?" एखादा हळूच विचारतो.

"मला काय विचारता?" रंगारी म्हणतो. "ती अंगणात बसलीय, तिला विचारा."